टेस्टोस्टेरॉन कमी आलंय? आधी धूर कुठून येतोय ते बघा

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे ४९ वय असताना, हेल्थ चेकअपचं एक पॅकेज घेतलं होतं, त्यात मागितलेल्या न मागितलेल्या ढीगभर टेस्टबरोबर टेस्टोस्टेरॉनही होतं. रिपोर्ट आला, सगळं साध्या अक्षरात आणि एकच ओळ ठळक, २३८ नॅनोग्रॅम पर डेसिलिटर, पुढे खाली तोंड केलेला बाण. झालं. रात्री दोनपर्यंत मोबाइलवर वाचत बसलो आणि सकाळ व्हायच्या आत माझी खात्री पटली की दुपारी येणारी झोप, सुटलेलं पोट, बायकोवर उगाच केलेली चिडचिड, सगळ्याचं मूळ सापडलं. आता इंजेक्शन घ्यायची, विषय संपला.

हार्मोनच्या डॉक्टर होत्या त्यांनी रिपोर्ट बघितला पण आकड्यावर काही बोलल्याच नाहीत, विचारलं रक्त कधी दिलं होतं? संध्याकाळी साडेपाचला. जेवून? हो, दुपारचं जेवण झालं होतं आणि चहा-बिस्किटंही. त्याआधी काही आजारपण? हो, आठवड्यापूर्वी चांगला सणसणीत ताप होता, चार दिवस अंथरुणात, खोकला तर त्या दिवशीही होता. त्या हसल्या. "अहो, हा तुमच्या तापाचा रिपोर्ट आहे. तीन महिन्यांनी या, सकाळी आठला, उपाशीपोटी." गेलो. ४२६ आलं. मधल्या काळात मी औषध सोडा, एक पुशअपसुद्धा मारलेला नव्हता.

आता यात थोडा वाटा वेळेचा, थोडा जेवणाचा. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं, साखर पोटात गेली की आणखी घसरतं. पण तिसरा जो वाटा आहे, तापाचा, तो मला जास्त रंजक वाटला, कारण छातीतल्या खोकल्याचा आणि वृषणातल्या हार्मोनचा संबंध काय? शोधत गेलो तेव्हा कळलं की चार दिवसांच्या तापात जे माझ्या शरीरात झालं तेच अनेक पुरुषांत चाळिशीनंतर वर्षानुवर्षं बारीक आचेवर चालू असतं, आणि आपण त्याला "वय झालं" असं नाव देऊन मोकळे होतो. हा लेख त्याबद्दल आहे. मी डॉक्टर नाही, वाचून आणि विचारून समजलेलं लिहितोय.

ही बारीक आच म्हणजे इन्फ्लमेशन, आधी ते काय असतं ते बघू, मराठीत दाह म्हणतात पण रोजच्या बोलण्यात आपण सूज म्हणतो आणि तिथेच थोडी गडबड होते. बोट कापलं, पिकलं, तर लाल होतं, सुजतं, गरम लागतं, ठणकतं. ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात लिहून ठेवलीत आणि आजही वैद्यकीय पुस्तकं तिथूनच सुरुवात करतात. हा दाह आपल्या भल्याचा असतो. जखमेच्या जागी रक्त वाढतं, पांढऱ्या पेशी येतात, जंतू गिळतात, मोडतोड साफ करतात आणि काम झालं की परत जातात. म्हणजे आगीचा बंब आला, आग विझवली, गेला.

पण बंब गेलाच नाही तर? गल्लीत उभा राहून थोडं थोडं पाणी मारतच राहिला तर घराच्या भिंती ओल धरणार. तसं दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचं आहे. लाली नाही, ठणका नाही, ताप नाही, राखेखाली निखारा धुमसावा तसं. रक्तात फक्त काही निरोप सतत फिरत असतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात, पेशींनी एकमेकींना पाठवलेल्या चिठ्ठ्या समजा. त्यातली तीन नावं पुढे पुन्हा पुन्हा येतील, टीएनएफ, आयएल-१ आणि आयएल-६. वय वाढतं तशी या चिठ्ठ्यांची पातळी हळूहळू वर जाते, आणि २००० साली इटलीतल्या क्लाउडिओ फ्रान्सेस्की या संशोधकाने त्याला "इन्फ्लमएजिंग" असं नाव दिलं, दाह आणि म्हातारपण एकत्र शिवलेलं. का वाढतो याची कारणं बरीच आहेत. म्हाताऱ्या झालेल्या काही पेशी धड मरतही नाहीत आणि कामही करत नाहीत, नुसत्या बसून चिठ्ठ्या फेकतात. आतड्याचं अस्तर सैल होतं आणि जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपतात. हिरड्या खराब असतात. झोप नीट नसते. आणि पोटाची चरबी, तिच्यावर वेगळं लिहावं लागेल एवढी ती महत्त्वाची आहे.

हा धूर मोजायचा कसा? त्यासाठी सीआरपी नावाची टेस्ट आहे. हे प्रोटीन १९३० साली न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात सापडलं, लिव्हर ते बनवतं आणि बनवायचा हुकूम मुख्यतः आयएल-६ देतो. साध्या सीआरपीपेक्षा बारीक मोजणारी एचएस-सीआरपी नावाची टेस्ट असते, हृदयाच्या धोक्याच्या हिशोबाने त्यात १ मिलिग्रॅम पर लिटरच्या खाली चांगलं, १ ते ३ मधलं, ३ च्या वर जास्त. आणि १० च्या वर आलं तर बहुतेक वेळा काहीतरी ताजं इन्फेक्शन किंवा इजा असते, तेव्हा घाबरून न जाता बरं झाल्यावर परत करायची. ही टेस्ट धूर आहे एवढं सांगते, कुठल्या खोलीतून येतोय ते सांगत नाही.

आता हार्मोनकडे. टेस्टोस्टेरॉन बनवायची ऑर्डर मेंदूतून निघते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे, तो साधारण दीड-दोन तासांनी एक छोटा ठोका देतो, जीएनआरएच नावाच्या हार्मोनचा. ठोक्याठोक्यानेच द्यावा लागतो, सतत धार लावली तर उलट कारखाना बंद पडतो आणि प्रोस्टेट कॅन्सरच्या काही औषधांत नेमकं हेच वापरलंय. ठोका पिट्युटरी ग्रंथीला मिळाला की ती एलएच नावाचं हार्मोन सोडते, एलएच रक्तातून वृषणात पोहोचतं आणि तिथल्या लेडिग पेशी कामाला लागतात. फ्रान्झ लेडिग या जर्मन शास्त्रज्ञाने त्या १८५० मध्ये दाखवल्या म्हणून त्यांचं नाव. शरीरातलं जवळपास ९५ टक्के टेस्टोस्टेरॉन या पेशींचं, आणि दिवसाची एकूण निर्मिती किती, तर काही मिलिग्रॅम. एवढ्याशावर सगळा पुरुषार्थ.

लेडिग पेशीच्या आत जरा जवळून बघू कारण घोळ तिथेच होतो. कच्चा माल आहे कोलेस्टेरॉल. हो, तेच बदनाम कोलेस्टेरॉल. ते मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीच्या पॉवरहाउसच्या, बाहेरच्या भिंतीपर्यंत येतं पण आतल्या भिंतीपर्यंत आपोआप जात नाही, त्याला आत ढकलायला स्टार नावाचं एक प्रोटीन लागतं. स्टारने आत ढकललं की पहिलं एन्झाइम त्याचा शेपटासारखा भाग तोडतं आणि मग एकेक पायरी करत टेस्टोस्टेरॉन तयार होतं. म्हणजे कितीही कोलेस्टेरॉल असू दे, दारावरचा हमाल सुट्टीवर गेला की उत्पादन ठप्प.

आणि या लेडिग पेशींचे शेजारी कोण माहितेय? मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशी. नुसत्या शेजारी नाही, उंदरांच्या वृषणात तर लेडिग पेशीची बोटं मॅक्रोफेजच्या घड्यांमध्ये घुसलेली दिसतात, इतकं सख्य. शांततेच्या काळात हे शेजारी लेडिग पेशींना मदत करतात. पण शरीरात दाहाची दवंडी पिटली गेली की हेच मॅक्रोफेज टीएनएफ आणि आयएल-१ सोडायला लागतात, सोबत ऑक्सिजनची तिखट संयुगं, आणि त्या चिठ्ठ्या मिळाल्या की लेडिग पेशी स्टार प्रोटीन कमी करतात, पुढची एन्झाइमंही कमी करतात. वर मेंदूतही तेच, दाहाच्या चिठ्ठ्यांनी हायपोथॅलॅमसचा ठोका मंदावतो. खाली कारखाना मंद, वर ऑर्डर मंद.

एरवी एखादी ग्रंथी कमी पडली की पिट्युटरी ओरडून ओरडून जास्त काम करून घेते. इथे ओरडतच नाही. १९९९ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला, धडधाकट पुरुषांना आयएल-६ चं एक इंजेक्शन दिलं, बाकी काही नाही, ना जंतू ना जखम. जास्त डोस मिळालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन एका दिवसात खाली आलं आणि पुढे काही दिवस खालीच राहिलं, आणि एलएच मात्र जसं वाढायला हवं तसं वाढलं नाही. मी हे वाचलं तेव्हा माझा २३८ आकडा डोळ्यासमोर आला. माझ्या तापात आयएल-६ शरीरानेच बनवलं होतं, एवढाच फरक.

शरीर असं का करतं? पटणारं उत्तर असं की जिवावर बेतलेलं असताना मूल जन्माला घालायचा आणि स्नायू कमवायचा खर्च परवडत नाही, तो पैसा लढाईकडे वळवायचा. हार्ट अटॅक, मोठं ऑपरेशन, भाजणं, सेप्सिस म्हणजे अंगभर भिनलेलं इन्फेक्शन, या सगळ्यात टेस्टोस्टेरॉन झपाट्याने पडतं आणि माणूस बरा झाला की पुन्हा चढतं. चार दिवसांसाठी हा शहाणपणा आहे. पण लढाई वीस वर्षं चालू आहे अशी शरीराची समजूत झाली तर?

ही समजूत करून देण्यात पहिला नंबर पोटाच्या चरबीचा. पूर्वी चरबी म्हणजे गोदाम असं समजायचे, पडलंय बापडं एका कोपऱ्यात. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीतच टीएनएफ बनताना सापडलं आणि २००३ मध्ये असं दिसलं की चरबी वाढते तशी तिच्यात मॅक्रोफेजची गर्दी होते. मायक्रोस्कोपखालचा एक फोटो बघितलाय मी, विसरता येत नाही. चरबीची पेशी म्हणजे मोठा गोल फुगा, आत तेलाचा एकच थेंब. फुगा इतका ताणला गेला की पेशी मरते, पण तेल तिथेच. मग मॅक्रोफेज त्या मेलेल्या फुग्याभोवती कडं करतात, खांद्याला खांदा लावून, मुकुटासारखं दिसतं आणि नावही तसंच पडलंय. तेवढा मोठा थेंब एकट्याने गिळता येत नाही म्हणून बसून राहतात आणि बसल्या बसल्या चिठ्ठ्या फेकतात. आतड्यांभोवतीच्या चरबीत हे असे मुकुट विशेष, चामडीखालच्या चरबीत त्या मानाने कमी. म्हणून वजनाच्या काट्यापेक्षा कमरेची टेप जास्त खरं बोलते.

चरबीचा दुसरा उद्योग म्हणजे अरोमाटेज. हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे इस्ट्राडायोलमध्ये, रूपांतर करतं, आणि दाहाच्या चिठ्ठ्यांनी त्याला आणखी जोर येतो. वाढलेलं इस्ट्राडायोल मेंदूला कळवतं की हार्मोन भरपूर आहे, ऑर्डर कमी करा. म्हणजे तिसऱ्या बाजूनेही दाबलं.

इथे थांबून एक सांगतो कारण जिममध्ये यावर फार अडाणीपणा चालतो, इस्ट्रोजेन म्हणजे बायकांचं हार्मोन, ते पुरुषात शून्य पाहिजे, म्हणून गोळ्या घेणारे महाभाग मी बघितलेत. पुरुषाच्या शरीरातलं बहुतेक इस्ट्राडायोल टेस्टोस्टेरॉनपासूनच बनतं आणि ते लागतं. २०१३ मध्ये एक अभ्यास आला, सुमारे ४०० निरोगी पुरुषांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन औषधाने बंद केलं, मग जेलमधून वेगवेगळ्या मापात परत दिलं, आणि निम्म्यांना इस्ट्रोजेन बनू न देणारी गोळीही दिली. स्नायूंचं वजन आणि ताकद टेस्टोस्टेरॉन कमी झाल्याने गेली, पण अंगावर चरबी चढली ती इस्ट्राडायोल कमी झाल्याने, आणि कामेच्छा दोन्हींमुळे गेली. हाडांनाही इस्ट्राडायोल लागतंच. त्यामुळे गोळी घेऊन ते मारायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

आतापर्यंत दाहामुळे हार्मोन पडतं ते सांगितलं. गाडी उलटही धावते. टेस्टोस्टेरॉन स्वतः दाहावर थोडा लगाम ठेवतं, काही छोट्या प्रयोगांत कमतरता असलेल्या पुरुषांना ते दिल्यावर टीएनएफसारख्या चिठ्ठ्या कमी झाल्या, काही प्रयोगांत सीआरपी ढिम्म हललं नाही, त्यामुळे हा थेट परिणाम किती यावर मी पैज लावणार नाही. आडवाटेचा परिणाम मात्र पक्का आहे. प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचारात टेस्टोस्टेरॉन मुद्दाम जवळजवळ संपवतात, आणि त्या पुरुषांमध्ये काही महिन्यांतच चरबी वाढते, स्नायू घटतात, इन्सुलिन नीट काम करेनासं होतं. स्नायू कमी, चरबी जास्त, मग मुकुट जास्त, मग चिठ्ठ्या जास्त, मग हार्मोन आणखी कमी. दुष्टचक्र हा शब्द आपण कुठेही वापरतो, इथे तो चपखल आहे.

मग वयाचं काय? वयाने काहीच होत नाही असं म्हणायचंय का? नाही. वयाबरोबर लेडिग पेशी थकतात, मेंदूचा ठोका विस्कळित होतो, आणि एसएचबीजी नावाचं प्रोटीन वाढतं. हे प्रोटीन टेस्टोस्टेरॉनला घट्ट धरून ठेवतं, रक्तातलं अगदी मोकळं टेस्टोस्टेरॉन दोनेक टक्केच असतं, त्यामुळे एसएचबीजी वाढलं की एकूण आकडा बरा दिसूनही मोकळा भाग घटतो. लठ्ठपणात नेमकं उलटं, एसएचबीजी कमी होतं, मग एकूण आकडा जितका वाईट दिसतो तितकी परिस्थिती वाईट नसते. म्हणून एका आकड्यावर निकाल देऊ नये.

पण घसरणीतला वयाचा हिस्सा आणि धुराचा हिस्सा वेगळा काढला तर चित्र मजेशीर आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० च्या दशकाच्या शेवटी ४० ते ७० वयाच्या पुरुषांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला, वर्षाला एक-दोन टक्क्यांनी टेस्टोस्टेरॉन घटतं हे बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं ते अशा अभ्यासांतून आलंय. त्याच अभ्यासाच्या २००७ च्या विश्लेषणात दिसलं की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, चार-पाच अंकांनी वाढला तर टेस्टोस्टेरॉन जितकं पडतं तितकं पडायला वयाला दहा वर्षं लागतात. आणि बायको गेली तर तेवढंच. हे दुसरं वाक्य मी दोनदा वाचलं. दुःख, झोप उडणं, खाण्यापिण्याची आबाळ, सगळं त्या एका आकड्यात उतरतं.

दुसरा अभ्यास ऑस्ट्रेलियातला, २०१२ चा. चाळिशीच्या वरचे ३२५ पुरुष घेतले, अट एकच, तब्येत खूप चांगली किंवा उत्तम आहे असं ते स्वतः सांगत असले पाहिजेत. प्रत्येकाचं रक्त एकदा नाही, तीन महिन्यांत नऊ वेळा घेतलं. त्यांच्यात वयानुसार टेस्टोस्टेरॉन घटलेलं दिसलंच नाही, लठ्ठ असणाऱ्यांचं मात्र कमी होतं. म्हणजे वयाच्या खात्यावर आपण जे टाकतो त्यातलं बरंचसं आजारांचं आणि पोटाचं कर्ज आहे.

म्हणूनच मला तो "अँड्रोपॉज", म्हणजे पुरुषांची रजोनिवृत्ती, हा शब्द आवडत नाही. बायकांमध्ये पाळी थांबते, इस्ट्रोजेन काही वर्षांत धाडकन खाली येतं, प्रत्येकीला येतं. पुरुषात असा कडा नाही, उतार आहे, तोही प्रत्येकाचा वेगळा. युरोपातल्या आठ केंद्रांत ४० ते ७९ वयाचे ३,३६९ पुरुष तपासले होते, २०१० मध्ये निकाल आला, लैंगिक तक्रारी आणि खरोखर कमी हार्मोन दोन्ही एकत्र असणारे किती, तर २.१ टक्के. जाहिरातींवरून वाटतं निम्मा पुरुषवर्ग कोरडा पडलाय.

बाकीच्या हार्मोनचं थोडक्यात. किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथीतलं डीएचईए विशी-तिशीत शिखरावर असतं आणि सत्तरीपर्यंत पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी उरतं, पण कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, असं पडत नाही. त्यामुळे दोघांचा तोल बिघडतो. ग्रोथ हार्मोनही घटतं. इन्सुलिनची गोष्ट मात्र वेगळी, तिथे हार्मोन असतं पण टीएनएफमुळे पेशी त्याचं ऐकत नाहीत, बहिऱ्यापुढे गाणं, आणि डायबेटीसचा रस्ता तिथून जातो. टाइप २ डायबेटीस असणाऱ्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी सापडणं फार सर्रास आहे.

आता सगळ्यांना हवा असलेला प्रश्न, बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं तर चक्र तुटेल ना? ज्यांच्या वृषणात किंवा पिट्युटरीत खरा बिघाड आहे त्यांच्यासाठी ते औषध आहे, त्यात वाद नाही. बाकीच्यांसाठी उत्तर मिश्र आहे. २०१६ मध्ये ६५ च्या वरच्या ७९० पुरुषांवरच्या चाचण्यांचे निकाल आले, कामेच्छेत माफक सुधारणा, मूडमध्ये थोडीशी, दमणूक आणि चालण्यात फारसं काही नाही. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातून १,००७ पुरुषांची चाचणी आली, सगळे पोट सुटलेले आणि साखर वाढलेले किंवा नुकताच डायबेटीस निघालेले, सगळ्यांना वजन कमी करायचा कार्यक्रम, त्यात निम्म्यांना टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. दोन वर्षांनी डायबेटीस असणारे इंजेक्शनवाल्यांत १२ टक्के, दुसऱ्या गटात २१ टक्के. हा फरक छोटा नाही. पण इंजेक्शनवाल्यांपैकी पाचातल्या एकाचं रक्त जास्त घट्ट झालं. २०२३ मध्ये हृदयाचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांचा निकाल आला, हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांत ७.० टक्के आणि औषध नसलेलं नुसतं जेल लावणाऱ्यांत ७.३, म्हणजे ती मोठी भीती खोटी ठरली, पण हृदयाचे ठोके बिघडणं, फुप्फुसात गाठ अडकणं हे जरा जास्त, आणि नंतर कळलं की हाडं मोडण्याचं प्रमाणही जास्त, जिथे सगळ्यांना उलट अपेक्षा होती.

आणि एक गोष्ट तरुणांना कोणी सांगत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू ऑर्डर बंद करतो, एलएच पडतं, आणि शुक्राणू बनणं थांबू शकतं. मूल हवंय आणि इंजेक्शन चालू आहे, असं असेल तर आजच डॉक्टरशी बोला.

मग दाहच औषधाने दाबला तर? तेही करून बघितलंय, हार्मोनसाठी नाही पण हृदयासाठी. २०१७ मध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढलेल्या दहा हजारांवर लोकांना आयएल-१ अडवणारं औषध दिलं, कोलेस्टेरॉलला हात न लावता. वेगवेगळ्या डोसांपैकी एकावर हृदयाच्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या. पण इन्फेक्शनने होणारे मृत्यू वाढले. बंब गल्लीतून हाकलला आणि मग खरीच आग लागली, असं झालं. त्यामुळे धूर कमी करायचा तर निखारा शोधून विझवावा लागतो. पोटात निखारा आणि इंजेक्शन दंडात, याला मराठीत आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात.

निखारे कोणते, तर पहिला कंबर. वजन उतरलं की टेस्टोस्टेरॉन चढतं हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, थोडं उतरलं तर थोडं, वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर भरपूर. दुसरा झोप. २०११ मध्ये दहा तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के घसरलं, आणि ही पोरं धडधाकट होती. घोरताना श्वास अडकत असेल तर आठ तास पडून राहिलं तरी ती झोप नव्हे, ते तपासून घ्यावं. सिगारेट हा निखारा अक्षरशः, तिच्यावर काय लिहायचं.

व्यायामात एक गंमत आहे. मघापासून ज्या आयएल-६ ला शिव्या घालतोय तेच आयएल-६ काम करणारा स्नायू रक्तात सोडतो, जोरदार व्यायामात तर बऱ्यापैकी. पण सोबत टीएनएफ नसतं, आणि तासा-दोन तासांत ते उतरतं, उतरता उतरता दाह शमवणाऱ्या चिठ्ठ्या मागे ठेवून जातं. तीच चिठ्ठी, चरबीने दिवसरात्र पाठवली तर कटकट आणि स्नायूने तासभर पाठवली तर औषध. डेन्मार्कच्या बेन्टे क्लार्लुंड पेडरसन यांनी स्नायूंच्या अशा चिठ्ठ्यांना मायोकाइन असं नाव दिलं. टेस्टोस्टेरॉन वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या आणि कॅप्सूल, त्यांच्याबद्दल माझं मत इथे लिहिलं तर भाषा बिघडेल.

टेस्ट करायचीच असेल तर सकाळी, उपाशी, दोन वेगळ्या दिवशी, आणि ताप-सर्दी-ऑपरेशन होऊन निदान काही आठवडे गेल्यावर. एलएच आणि एसएचबीजी सोबत असेल तर उत्तम, कारण टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच खूप जास्त म्हणजे बिघाड वृषणात, टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच कमी किंवा नॉर्मलच म्हणजे वर मेंदूत बघायचं, आणि पोट सुटलेल्यांमध्ये बहुतेक वेळा हे दुसरं दिसतं.

माझं पुढे काय झालं, तर ४२६ वर मी खूश होऊन उठत होतो तेवढ्यात डॉक्टरांनी दुसरा आकडा दाखवला, एचएस-सीआरपी ३.४, तेव्हा ताप नव्हता, खोकला नव्हता. कंबर विचारली, झोप विचारली आणि मग विचारलं, "ब्रश करताना रक्त येतं का?" मला वाटलं विषय बदलला. येत होतं, कितीतरी वर्षं, मी त्याला ब्रश कडक आहे असं समजत होतो. सुजलेल्या हिरड्यांचा सगळा मिळून पृष्ठभाग तळहाताएवढा भरू शकतो, तेवढी उघडी जखम हातावर असती तर त्याच दिवशी दवाखाना गाठला असता. दातांच्या डॉक्टरकडे चार खेपा झाल्या, मुळापर्यंत साफसफाई, त्याच सहा महिन्यांत साडेचार किलो उतरलं आणि रात्री अकराला मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायला लागलो. परवा सीआरपी केलं, १.५. श्रेय हिरड्यांचं, कमरेचं की मोबाइलचं ते सांगता येत नाही, डॉक्टरही सांगू शकल्या नाहीत. फ्लॉस मात्र अजून रोज होत नाही.